रीफ टँकमध्ये न बोलावता आलेल्या गोगलगायी

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यासाठी लाइव्ह रॉक (जिवंत समुद्री जीव असलेला दगड) किंवा कोरलचा फ्रॅग (छोटा तुकडा) आणला की त्याच्यासोबत गोगलगायी फुकटात येतातच, दिसली की काढून टाक असं करू नका, बऱ्याचशा बिचाऱ्या शेवाळच खातात. काचेवर फिरणाऱ्या बारक्या गोल कोलोनिस्टा गोगलगायी तर राहू देत की.

त्रास देणारी कुठली ते ओळखायचं असेल तर टँकचा लाईट बंद करून तासाभरानं टॉर्च मारा. आमच्या बेळगावात पावसात करंट जातोच, तेव्हाच बघून घ्यायचं!

पांढरी, टोकदार, तांदळाच्या दाण्याएवढी आणि क्लॅमच्या (मोठ्या शिंपल्याच्या) किंवा टर्बो गोगलगायीच्या शिंपल्याच्या कडेला चिकटलेली दिसली तर ती पिरॅमिडेलिड, दुसऱ्याचं रक्त पिऊन जगणारी. जुन्या टूथब्रशनं रोज घासून काढा आणि जेलीसारखी अंडी पण काढा, नाहीतर आठवड्यात परत तेच. काळ्या-पांढऱ्या चौकटींची चपटी सनडायल गोगलगाय दिसली की लगेच बाहेर, ती झोअँथिड (कोरलसारखे फुलासारखे दिसणारे जीव) खाती.

सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे व्हर्मेटिड, ही पण गोगलगायच. दगडाला चिकटलेली कडक नळी, त्यातनं शेंबडासारखं जाळं सोडती आणि कोरल मिटून बसतं. नळी मुळापासनं तोडायची, जमत नसेल तर तोंडावर जेलवाला सुपरग्लू लावून बंद करायचं, पावडरचं खाणं पण कमी करा कारण त्याच्यावरच ती पोसती.

वैतागून तांब्याचं औषध मात्र टाकू नका, कोरल, कोळंबी सगळंच जाईल. नवीन फ्रॅग आधी डिप करा (कीड मारायच्या औषधाच्या पाण्यात बुडवा), पण डिपनं अंडी मरत नाहीत, म्हणून वेगळ्या टबात ठेवून रोज बघत राहायचं. आणि चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलासा म्हणून तिथनं कोरल उचलून आणू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला बंदी आहे.