मोठ्या कंपनीत नंबर नाही लागला? मग उन्हाळ्याआधी एवढं करून ठेवा

मोठ्या टेक कंपन्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपची निवड बहुतेक दिवाळीपर्यंत आटोपलेली असते, आणि वणी-दारव्ह्याच्या पोराला त्याचा पत्ता लागतो मार्चमध्ये. जाऊ द्या. पहिलं काम म्हणजे, जिथे रोज आकडेमोड चालते आणि अजून वहीतच चालते अशी एक जागा जवळपास शोधा; त्यांच्या वहीचं काम करणारा छोटा प्रोग्राम हीच तुमची इंटर्नशिप. जिनिंगचा (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचा) वजनकाटा, कृषी सेवा केंद्र, वरुड-मोर्शीकडचे असाल तर संत्र्याचा व्यापारी. पण हंगाम पाहून जा. जिनिंग दसरा-दिवाळीला सुरू होते आणि उन्हाळ्यात थंडावते; मे महिन्यात गेलात तर चौकीदारच भेटेल. कृषी केंद्रात जूनमध्ये तर जाऊच नका, बियाण्याच्या गर्दीत तुमच्याशी बोलायला वेळ कोणाला आहे?

पहिले दोन दिवस लॅपटॉप घरीच ठेवा, नुसतं काट्याजवळ बसा. मला ही अक्कल फजिती झाल्यावर आली. काटापट्टीचा प्रोग्राम केला होता: भरल्या गाडीचं वजन, रिकामीचं वजन, वजाबाकी आपोआप, कापसाच्या ओलाव्याचा रकानाही. मुनीमजींनी दोन दिवस वापरला, तिसऱ्या दिवशी वही परत बाहेर. मी प्रत्येक पट्टीला शेतकऱ्याचं पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर सक्तीचा केला होता. बाहेर गाड्यांची रांग, आणि वहीत तर 'बाबाराव, मारेगाव' एवढ्यावर भागत होतं. मग सक्ती काढली, लाइन गेली तरी नोंद राहील अशी सोय केली. पुढे मुलाखतीत समोरच्यांनी नेमकं हेच खोदून खोदून विचारलं.

कॉलेजात आधीच विचारून घ्या की असलं काम इंटर्नशिप म्हणून धरतात का, किती तास लागतात आणि पत्राचा नमुना कोणता. मालकाचा सही-शिक्का काम चालू असतानाच घ्या.

दुसरी वाट म्हणजे आयआयटी मुंबईच्या फॉसी (FOSSEE) प्रकल्पाची समर फेलोशिप; हा प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, आणतो. तिथे गुणपत्रिकेपेक्षा दिलेलं काम करून दाखवण्याला वजन आहे. घरून करायचं तर गूगल समर ऑफ कोड बघा, ते 2005 पासून चालतं. नाव गूगलचं असलं तरी काम मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांचं असतं. वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत. संस्थांची यादी फेब्रुवारीत लागते, अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास. पण यादीची वाट पाहत बसू नका. डिसेंबरातच गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिका, एखाद्या प्रकल्पात छोटीशी चूक दुरुस्त करून पाठवा, मग ती मदतपुस्तिकेतली का असेना. तिथल्या लोकांना तुमचं नाव आधी दिसलेलं बरं.

इंटर्नशिप देतो म्हणून उलट तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्याचा नंबर सरळ ब्लॉक.

आणि हो, मालकाला विचारून जुन्या दहा-बारा काटापट्ट्यांचे फोटो काढून ठेवा, नावं-नंबर झाकून. हंगाम संपला की त्या वह्या माळ्यावर जातात, मंग कोणी काढून देत नाही.