बाळासाठी जुनी लाकडी कॉट घेताना

बघायला जाताना मोजपट्टी सोबत न्या. कठड्याच्या दोन गजांमधली फट 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असली तर बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटांहून अधिक जागा राहत असेल तर गादी नवी, कडक आणि घट्ट बसणारी घ्या. मग कॉट दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. करकरली तर स्क्रूची भोकं बहुधा सैल झालेली असतात, नुसतं पिळून स्क्रू धरत नाहीत. वरखाली सरकणाऱ्या कठड्याची कॉट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. रंगाचे पोपडे निघत असतील तर तीही सोडा: भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आली, आणि दात येणारं बाळ नेमका कठडाच चावतं.