रेंज नसतानाही खात्यात सुरक्षित प्रवेश

पाटण-कोयनेकडच्या डोंगराळ गावांत घरी ब्रॉडबँड असूनही मोबाइलच्या रेंजअभावी ज्यांना ओटीपीची वाट पाहत बसावे लागते, त्यांनी गूगल खात्यासाठी यूएसबी सिक्युरिटी की, म्हणजे पेनड्राइव्हसारखी छोटी सुरक्षा-किल्ली, जरूर वापरावी. पासवर्ड टाकून ती लॅपटॉपला लावायची आणि तिच्यावरच्या धातूच्या बिंदूला बोट टेकवायचे, एवढेच काम असते. तिला ना चार्जिंग लागते, ना सिमकार्ड. याहून मोलाचे म्हणजे तिची नोंदणी संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असल्याने हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर आपण फसलो, तरी ती तिथे चालत नाही. बँकेचा ओटीपी मात्र यामुळे टळत नाही. एक हरवली तर अडू नये म्हणून खरेदी करताना दोन घ्याव्यात, दोन्ही त्याच दिवशी खात्याला जोडाव्यात आणि एक घरच्या कपाटात कुलूपबंद ठेवावी.