पीएच-ईसी पेन मीटर कॅलिब्रेट कसा करायचा (द्राक्षवाल्यांसाठी)

फवारणीआधी पाण्याचा पीएच बघणारे द्राक्षवाले आता बरेच आहेत, पण मीटर शेवटचा कॅलिब्रेट (म्हणजे ठरलेल्या द्रावणावर आकडा जुळवून घेणं) कधी केला विचारलं की गप्प होतात, आणि सगळा घोळ तिथेच असतो. क्षारीय पाण्यात कॅप्टनसारखं बुरशीचं औषध लवकर निकामी होतं, मग मीटर 7 दाखवतोय आणि पाणी खरं 8 च्या वर आहे तर औषधाचे पैसे पाण्यातच गेले की.

मीटरसोबत बहुतेक वेळा 4.01, 6.86 आणि 9.18 पीएचच्या बफरच्या (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या) पुड्या येतात. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा (बहुतेक 250 मिली असतं), बोअरचं पाणी अजिबात नको, आणि बाटलीवर तारीख टाका. 9.18 वाल्याचं झाकण लगेच लावा, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा पीएच उतरतो. वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही, म्हणजे नाहीच.

सुरुवात 6.86 ने. बल्ब (मीटरच्या टोकाची काचेची गोळी) डिस्टिल्डने धुवा, टिश्यूने नुसता टिपा, घासलात तर काचेवर चार्ज येतो आणि आकडा नाचत राहतो. बुडवून हलकंच ढवळा, आकडा पूर्ण थांबू द्या, मगच कॅल बटण. इथंच लोक घाई करतात!! मग परत धुवून दुसरा बफर, फवारणीचं पाणी आम्ल करत असाल तर 4.01, नुसतं बोअरचं पाणी बघायचं असेल तर 9.18. उरलेला तिसरा बफर तपासणीला ठेवा, त्यात आकडा 0.2 पेक्षा जास्त चुकला तर बल्ब साफ करून पहिल्यापासून. हे सगळं सावलीत करा, कारण 9.18 वाला बफर 35 डिग्रीला 9.10 च असतो.

पांढरा थर बसला असेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून धुवा. टोपणात 3 मोलर केसीएल (पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण) हवं, डिस्टिल्डमध्ये ठेवलेला बल्ब लवकर मरतो.

ईसीला (विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते त्याचं माप) एकच सोल्युशन, 1413 मायक्रोसिमेन्स, म्हणजे 1.41 मिलिसिमेन्स. पण केसीएलचा एखादा थेंब राहिला तरी आकडा चढतो म्हणून आधी नीट धुवा, मग थोड्या सोल्युशनने खंगाळून ते फेकून द्या, आणि बुडवल्यावर हलकी टिचकी मारा म्हणजे अडकलेला बुडबुडा निघतो. टीडीएसच्या (ईसीवरून काढलेला विरघळलेल्या क्षारांचा आकडा) नादी लागू नका, एकाच पाण्याला काही मीटर ईसी गुणिले 500 करतात, काही 700, त्यामुळे सल्लागाराला फोनवर सांगताना ईसीच सांगा.