गुन्हेगारी मालिकेचा दुसरा सीझन पहिल्याच्या तोडीचा आहे का, हे कसे पारखावे

गुन्हेगारी मालिकेचा दुसरा सीझन प्रदर्शित झाला की त्याचा निकाल फार लवकर लागतो. 'पहिल्याची सर नाही' हे वाक्य पहिले दोन भाग पाहून होण्याच्या आतच अनेकांच्या तोंडी आलेले असते, आणि एकदा ते बोलून झाले की उरलेले भाग ते खरे ठरवण्यासाठीच पाहिले जातात. मी स्वतः 'द वायर' या अमेरिकी मालिकेचा दुसरा सीझन असाच दोन भागांनंतर सोडून दिला होता, आणि तो किती ताकदीचा आहे हे कळायला मध्ये बरीच वर्षे जावी लागली. तेव्हापासून दुसरा सीझन पाहताना मी एक पद्धत पाळतो. तिला एक कोरा कागद आणि थोडा धीर एवढेच लागते. पुढे काही मालिकांची उदाहरणे येतील, परंतु त्यांतला गुन्हेगार कोण हे कोठेही सांगितलेले नाही.

पहिला सीझन कशावर उभा होता

दुसऱ्या सीझनला हात घालण्यापूर्वी पहिल्याचा पहिला आणि शेवटचा भाग पुन्हा पाहावा. सुरुवातीला जोडलेली 'मागील सीझनमध्ये काय घडले' ही छोटी चित्रफीत पुरत नाही, कारण तिच्यात फक्त घटना असतात. आपली आठवणही तसेच करते. उकल झाल्याचा क्षण, गाजलेला संवाद, शेवटची चकमक एवढे ती जपून ठेवते आणि मधले रेंगाळलेले भाग विसरून जाते. मग दुसऱ्या सीझनमधल्या प्रत्येक संथ प्रसंगाची तुलना पहिल्यातल्या सर्वोत्तम प्रसंगाशी होऊ लागते, आणि अशा तुलनेत कोणतीही कलाकृती हरणारच. म्हणून पुन्हा पाहताना पहिल्या सीझनमधले कंटाळवाणे प्रसंगही कागदावर नोंदवावेत. शोधले तर ते हमखास सापडतात.

त्यानंतर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: या मालिकेने आपल्याला नेमके कशाने धरून ठेवले होते? 'सगळेच छान होते' हे उत्तर येथे कामाचे नाही. गुन्हेगारी मालिका साधारणपणे चारांपैकी एखाद-दोन गोष्टींच्या बळावर उभी असते: गुन्हा कोणी केला हे रहस्य, तपास करणाऱ्या माणसांमधले नाते, गुन्हा जेथे घडला तो परिसर, किंवा गुन्ह्याला जन्म देणारी व्यवस्था. यांतले बळ कोणते हे ओळखणे आवश्यक आहे, कारण प्रत्येकाचे आयुष्य वेगळे असते.

सर्वांत कमी आयुष्य रहस्याचे. १९९० मध्ये सुरू झालेल्या 'ट्विन पीक्स'चा पहिला सीझन आठ भागांचा होता आणि एका तरुणीचा खून कोणी केला या एकाच प्रश्नावर तो तोललेला होता. दुसरा सीझन २२ भागांचा झाला. वाहिनीच्या दबावामुळे सातव्या भागात उत्तर द्यावे लागले आणि उरलेल्या १५ भागांना धरून ठेवणारा प्रश्नच शिल्लक राहिला नाही. प्रेक्षक पांगले आणि १९९१ मध्ये मालिका बंद झाली. याच्या उलट टोकाला २०११ मधली 'द किलिंग'ची अमेरिकी आवृत्ती आहे. तिने १३ भागांनंतरही खुनी कोण हे सांगितले नाही, ते दुसऱ्या सीझनच्या शेवटासाठी राखून ठेवले, आणि त्याबद्दल प्रेक्षकांचा रोष ओढवून घेतला. रहस्यावर उभ्या असलेल्या मालिकेपुढे अशी इकडे आड, तिकडे विहीर असते. तिचा दुसरा सीझन पाहायला घेताना नवा प्रश्न पहिल्या दोन-तीन भागांत उभा राहतो का आणि तो जुन्याइतकाच जिव्हारी लागणारा आहे का, एवढे आधी पाहावे.

व्यवस्थेचे बळ मात्र संपत नाही, ते फक्त जागा बदलते. 'द वायर'चा २००२ मधला पहिला सीझन बाल्टिमोरमधल्या अमली पदार्थांच्या टोळीवर आणि तिच्यामागे फोन टॅप करत लागलेल्या पोलिसांवर आहे. दुसऱ्या वर्षी मालिका सरळ त्याच शहराच्या बंदरात गेली, गोदी कामगारांच्या संघटनेत, जिथे काम दरवर्षी आटत चालले आहे. ओळखीची माणसे मागे सरली आणि त्यांच्या जागी अनोळखी लोक दिसू लागले, म्हणूनच मी तेव्हा वैतागलो होतो. पण पहिल्याच भागात एक प्रसंग आहे, जो मी त्या वेळी पाहूनही पाहिला नव्हता. बंदराच्या गस्ती नौकेवर शिक्षा म्हणून बदली झालेला एक तपास अधिकारी पाण्यात सापडलेल्या स्त्रीच्या मृतदेहाचा माग काढतो. प्रकरण शहराच्या हद्दीबाहेरचे ठरवून वरिष्ठ मोकळे झालेले असतात. हा माणूस भरती-ओहोटीचे आणि वाऱ्याचे हिशेब मांडून मृतदेह शहराच्या हद्दीतच पाण्यात पडला होता हे सिद्ध करतो आणि प्रकरण त्यांच्याच गळ्यात घालतो. त्यामागे न्यायाची तळमळ फारशी नसते, वरिष्ठांवरचा राग असतो. आणि केवळ त्या रागामुळे एका अनाम स्त्रीच्या मृत्यूची दखल घेतली जाते. यंत्रणेत चांगले कामही कोणत्या क्षुद्र कारणांनी घडते, हे पहिल्या सीझनचेच सूत्र येथे नव्या जागी पुढे चालू राहिलेले आहे. कागदावर 'टोळी' असे लिहिले असते तर हा सीझन नापास झाला असता, 'यंत्रणा' असे लिहिले तर तो पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होतो.

दुसरा सीझन कोणत्या जातीचा आहे

हे ठरवायला फार वेळ लागत नाही, पण ते ठरवल्याशिवाय अपेक्षा नीट बांधता येत नाहीत. काही मालिका तेच प्रकरण पुढे नेतात. 'ब्रॉडचर्च'चा पहिला सीझन कबुलीजबाबाने संपला होता. दुसऱ्या सीझनच्या आरंभी आरोपी न्यायालयात गुन्हा नाकारतो आणि जे संपले असे वाटत होते ते सगळे पुन्हा साक्षी-पुराव्यांत उकरले जाते. अशा सीझनला 'खुनी कोण' या उत्कंठेच्या मापाने मोजणे चुकीचे आहे. तेथे पाहायचे ते हे की, एका गावाने कसेबसे मिटवलेले दुःख न्यायालयात पुन्हा उघडे पडते तेव्हा माणसांचे काय होते.

काही मालिका माणसे तीच ठेवून प्रकरण बदलतात, आणि अशा वेळी नात्यात झालेला बदल हा सर्वांत विश्वासार्ह निकष ठरतो. 'पाताल लोक'चा पहिला सीझन मे २०२० मध्ये आला आणि दुसरा जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक काळाने. या अवधीत पोलीस निरीक्षक हाथीराम चौधरी होता तेथेच आहे आणि त्याच्या हाताखाली काम करत परीक्षेची तयारी करणारा अन्सारी आता त्याच्याहून वरच्या हुद्द्यावरचा अधिकारी आहे. नागालँडपर्यंत जाणाऱ्या नव्या प्रकरणाइतकेच माझे लक्ष या एका उलटापालटीकडे होते. आपुलकी तीच, पण पायरी बदललेली, आणि दोघांनाही त्याची जाणीव आहे. लेखकाने पात्रांना मधली वर्षे खरोखर जगू दिली आहेत याची ही खूण आहे, आणि ती दिसली की मी निम्मा निश्चिंत होतो.

तिसरी जात दर वर्षी सगळेच बदलणाऱ्या मालिकांची. 'फार्गो'चा पहिला सीझन २००६ मध्ये घडतो आणि त्यातला एक निवृत्त पोलीस, जो आता खाणावळ चालवतो, १९७९ मधल्या एका जुन्या प्रकरणाचा उल्लेख करतो. दुसरा सीझन नेमका त्याच १९७९ मध्ये जातो आणि तो म्हातारा तेथे तरुण गणवेशात भेटतो. अशा मालिकेत कथेचा धागा बहुधा नसतोच, म्हणून सूर, दृष्टी आणि नैतिक पेच यांची सलगता शोधावी लागते.

श्रेयनामावली वाचावी

पाहायला बसण्यापूर्वी दोन्ही सीझनचे लेखक, दिग्दर्शक, भागांची संख्या आणि मधला काळ एवढे शेजारी-शेजारी लिहून काढावे. 'ट्रू डिटेक्टिव्ह' हे याचे स्पष्ट उदाहरण आहे. २०१४ मधल्या पहिल्या सीझनचे आठही भाग निक पिझोलाटो यांनी लिहिले आणि आठही कॅरी जोजी फुकुनागा यांनी दिग्दर्शित केले. जून २०१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या सीझनचे भागही आठच होते, पण दिग्दर्शक अनेक होते आणि प्रमुख पात्रे दोनांऐवजी चार झाली होती. भाग तेवढेच आणि पात्रे दुप्पट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ निम्मा. ती दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीचे त्या वेळचे कार्यक्रमप्रमुख मायकेल लोम्बार्डो यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे मान्य केले की, प्रसारणाची तारीख गाठण्यासाठी लेखनाची घाई करायला लावली ही आपली चूक होती. अर्थात, अशी माहिती केवळ कोठे लक्ष द्यायचे ते सांगते. निकाल पडद्यावरच लागायला हवा.

पडद्यावर काय पाहावे

आठ भागांच्या सीझनमधले पहिले तीन भाग कोणताही शेरा न मारता पाहावेत आणि शक्य असेल तर एका दिवशी दोनांहून अधिक पाहू नयेत. सलग पाहिल्याने पुढे काय होते याचीच ओढ वाढते आणि प्रसंगाची घडण डोळ्यांआड होते.

सर्वाधिक लक्ष चौकशीच्या प्रसंगांकडे द्यावे, कारण गुन्हेगारी मालिकेचा कस तेथेच लागतो. 'ट्रू डिटेक्टिव्ह'च्या पहिल्या सीझनमध्ये १९९५ च्या तपासाबद्दल २०१२ मध्ये दोन माजी सहकाऱ्यांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले जातात. एक जण टापटीप कपड्यांत, सावधपणे बोलतो. दुसरा बिअरचे डबे रिकामे करत, त्यांचा पत्रा कापून छोटी माणसे तयार करत बोलतो, आणि प्रश्न विचारणाऱ्यांपेक्षा तोच त्यांना अधिक न्याहाळतो आहे हे हळूहळू लक्षात येते. पाचव्या भागात दोघेही एका जुन्या घटनेचा तंतोतंत जुळणारा जबाब देतात, आणि त्याच वेळी पडद्यावर काही वेगळेच घडताना दिसते. बोललेले आणि घडलेले यांतली ती दरी हेच त्या सीझनचे खरे बळ होते. दोन नटांची जुगलबंदी त्या दरीमुळेच एवढी धारदार झाली. दुसऱ्या सीझनमध्ये भ्रष्ट पोलीस आणि गुंड एका अंधाऱ्या बारमध्ये समोरासमोर बसतात ते प्रसंग मला मनापासून आवडतात, पण जबाब आणि सत्य यांच्या त्या खेळाच्या जागी तेथे काहीच आलेले नाही. जमीन-व्यवहारांच्या गुंत्यात नावे वाढत जातात आणि एखादे नाव कळल्याने कोणाच्याही मनात काही हलत नाही.

चौकशीखेरीज दोन गोष्टी टिपाव्यात. पहिली, तपास पुढे कशामुळे सरकतो: कोणाच्या श्रमाने व निरीक्षणाने, की ऐन वेळी आलेल्या फोनने आणि अचानक सापडलेल्या चित्रफितीने? असे योगायोग मोजावेत. एका सीझनमध्ये एखादा खपून जातो, तिसरा आला की पटकथा दमली आहे असे समजावे. दुसरी, मेलेले माणूस. त्याला नाव, सवयी, त्याच्यावाचून रिकामी झालेली एखादी खोली मिळाली आहे, की ते फक्त कथेला धक्का देण्यापुरते मेले आहे? आधीच्यापेक्षा मोठे काही द्यायचे या हव्यासात दुसऱ्या सीझनमध्ये प्रेतांची संख्या वाढते आणि प्रत्येक मृत्यूचे वजन घटते. माझ्या मते दुसऱ्या सीझनचा हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत गंभीर दोष आहे, कारण त्यामुळे प्रेक्षकाला माणसाच्या मरणाचे काहीच वाटेनासे होते.

तुलना करताना समान क्रमांकाचे भाग समोर ठेवावेत: पहिल्याचा चौथा भाग आणि दुसऱ्याचा चौथा. पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ यांची तुलना करू नये, कारण एकीकडे आठ भागांची पुण्याई साठलेली असते आणि दुसरीकडे पाटी कोरी असते.

शेवट झाल्यावर

दुसरा सीझन संपला की त्याचा पहिला भाग लगेच पुन्हा पाहावा. गुन्हेगार माहीत असताना त्याच्या पहिल्या प्रसंगातले वागणे पटते का, त्याच्या नजरेत आणि शब्दांत दुहेरी अर्थ होता का, की प्रेक्षकाला फसवण्यासाठी त्याला खोटे वागायला लावले होते, हे तेव्हाच कळते. धक्का कोणीही देऊ शकतो. धक्का बसल्यानंतर मागे वळून पाहिले असता सगळे धागेदोरे डोळ्यांसमोरच होते असे दिसावे, यासाठी मेहनत लागते.

यानंतर दोन आठवडे थांबावे आणि कोणतीही मदत न घेता दोन्ही सीझनमधले आठवतील ते प्रसंग लिहून काढावेत. मग ही यादी आणि पहिल्या दिवशीचा कागद शेजारी ठेवून, आपल्याला धरून ठेवणाऱ्या गोष्टीशी त्यांतल्या किती प्रसंगांचे नाते आहे ते पाहावे. 'द वायर'च्या बाबतीत माझ्या यादीत दुसऱ्या सीझनमधले सात प्रसंग आले आणि पहिल्यातले सहा. 'ट्रू डिटेक्टिव्ह'च्या दुसऱ्या सीझनमधले दोनच आले, आणि ते दोन्ही त्या बारमधले होते.