जुन्या बेसबॉल पिचरचं करिअर आकड्यांतून कसं वाचायचं

आपण मुंबईकर क्रिकेटवर वाढलेलो, म्हणून 1900 च्या आसपासच्या पिचरचं (बेसबॉलमधला बॉलर) रेकॉर्ड उघडलं की पहिली नजर जाते किती मॅचेस जिंकल्या त्यावर. तो कॉलम आधी बाजूला ठेवा, तो टीमचा जास्त आणि पिचरचा कमी असतो.

सगळ्यात आधी वर्ष बघा. 1919 पर्यंतचा काळ म्हणजे डेडबॉल काळ, एकच बॉल खूप वेळ चालायचा, मळायचा, मऊ पडायचा, वर थुंकी लावून टाकलेला स्पिटबॉल चालायचा (बंदी 1920 ला आली), त्यामुळे सगळ्याच पिचरविरुद्ध रन कमी निघायचे. कांगा लीगमध्ये ओल्या विकेटवर काढलेले 30 रन आपण वेगळ्या मापाने मोजतो ना, तसंच इथेही मोजायचं.

मग इनिंग्ज आणि ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरने दिलेले रन, कारण मॅच नऊ इनिंग्जची) एकत्र वाचा. उदाहरणाला मॉर्डेकाय ब्राउन घेऊया, माझा सगळ्यात आवडता, शिकागो कब्ज, साल 1906. इनिंग्ज लिहिल्यात 277.1, यातला .1 म्हणजे एक दशांश नाही, एक तृतीयांश, कारण एका इनिंगमध्ये तीन आउट (आपल्याकडे 12.3 म्हणजे साडेबारा ओव्हर होतात, तीच पद्धत). त्याच्या खात्यात रन 32. आता 32 गुणिले 9, भागिले 277.33, उत्तर 1.04. कॅल्क्युलेटरवर एकदा स्वतः करून बघाच, आकडा कायमचा डोक्यात बसतो. फिल्डरच्या चुकांमुळे गेलेले रन यात धरत नाहीत. आणि नॅशनल लीगने ईआरए अधिकृतपणे मोजायला घेतला 1912 ला, म्हणजे 1906 चा हा आकडा मागाहून काढलेला आहे.

आता टीम बघा. त्या वर्षी कब्जने 116 मॅचेस जिंकल्या, 36 हरल्या, मागे टिंकर, एव्हर्स, चान्ससारखी फिल्डिंग, त्यामुळे ब्राउनचं 26-6 (26 विजय, 6 पराभव) त्याच उजेडात वाचायचं. याच्या उलट वॉल्टर जॉन्सन, अख्खं करिअर वॉशिंग्टनला, टीम बरीच वर्षं कमजोर, 417 विजय आणि 279 पराभव. नुसते पराभव बघून त्याला कमी लेखणं हा अन्याय आहे, 110 शटआउट (समोरच्याला एकही रन न देता एकट्याने पूर्ण टाकलेल्या मॅचेस) आहेत त्याच्या नावावर!

आकड्यांमागचा हातही शोधा. ब्राउनच्या उजव्या हाताची तर्जनी लहानपणी शेतावर चारा कापायच्या मशीनमध्ये गेली, नंतर पडून बाकीची बोटं मोडली आणि वाकडीच जुळली. त्याच पकडीतून त्याचा कर्व्ह (वळणारा बॉल) बॅटरसमोर येऊन एकदम खाली पडायचा. तो कसा निघत असेल हे समजून घ्यायचं असेल तर टेनिस बॉल घ्या आणि तर्जनी न लावता टाकून बघा.

शेवटी करिअरच्या शेवटच्या ओळी, ज्या लोक सोडून देतात. क्रिस्टी मॅथ्यूसनच्या 373 विजयांपैकी 372 न्यूयॉर्क जायंट्सकडून आणि एकच सिनसिनाटीकडून, 1916 ला. ही एकटी ओळ दिसली की तारीख शोधायची: 4 सप्टेंबर. तो तिथे मॅनेजर म्हणून गेलेला, त्या दिवशी स्वतः पिचिंगला उतरला, समोर ब्राउन, दोघंही थकलेले, सिनसिनाटी 10-8 ने जिंकली, आणि ती दोघांचीही शेवटची मॅच ठरली.