पुढे पाटे असलेल्या जुन्या पिकअपला दुसरा एक्सल बसवताना

टायर आतल्या बाजूने खातोय, स्टेअरिंग सैल सोडलं की गाडी एकीकडे जाते, अलाइनमेंट दोनदा करूनही फरक नाही. अशा गाडीचा पुढचा एक्सल बहुतेक वेळा वाकलेला निघतो. बहुतेक वेळा, नेहमी नाही. म्हणून यू-बोल्टला (पाटे एक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) पाना लावण्याआधी चाक जॅकवर घ्या, टायर वर आणि खाली धरून हलवा. चाक डगमगलं तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे सैलपणा, गेला तर हबची बेअरिंग ढिली आहे. तसाच राहिला तर किंगपिन (ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं ती) किंवा तिचे बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) गेलेत. या दोन्हींसाठी एक्सल बदलायची गरज नाही.

वाकलेला एक्सल ओळखायची खूण वेगळी. गाडीचं वजन पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीवर येतं आणि आधार टोकाला चाकांचा असतो, त्यामुळे ओव्हरलोड गाडी खड्ड्यात आपटली की बीम, म्हणजे एक्सलचा अखंड आडवा दांडा, मध्यावर खाली दबतो आणि चाकांची वरची कड आत झुकते. सपाट फरशीवर रिमला ओळंबा लावला की दिसतं. सोलापूर भागात ऊस नाहीतर मार्केट यार्डाचा कांदा भरून शेताच्या बांधावरून काढलेल्या गाड्यांना हे दुखणं जास्त.

इथे लिहिलंय ते टू-व्हील ड्राइव्हच्या, आधीपासूनच अखंड बीम असलेल्या गाडीबद्दल: जुना बीम काढायचा, त्याच मॉडेलचा दुसरा बसवायचा. पुढे पाट्यांऐवजी पिळणारी सळई (टॉर्शन बार) असलेल्या गाडीखाली पाट्यांचा एक्सल घालणं हे काम वेगळं. त्यात चेसिसला हँगर येतात, स्टेअरिंग बॉक्सची जागा बदलते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारी गाडी पासिंगला अडते, अपघात झाला तर विम्यालाही.

वाकलेला बीम गॅसने तापवून सरळ करून देणारे भेटतील. करू नका. तो फोर्जिंग (तापलेलं लोखंड दाबून घडवणं) करून उष्णतेची प्रक्रिया दिलेला असतो. लाल केला की ती कडकाई जाते, आणि पुढच्या भरलेल्या खेपेला बीम त्याच जागी वाकतो. सरळ करायचाच तर प्रेसवर थंडच.

भंगारातला बीम घेताना

आधी डोळे, म्हणजे किंगपिन बसते ती भोकं. नवी किंगपिन सोबत न्या. तेल लावून हाताने सरकवली तर घट्ट जायला हवी आणि आत गेल्यावर कणभरही डुलता कामा नये. डोळा सैल असेल तर बीम तिथेच ठेवा. मग पाट्याच्या बैठकीतलं मधलं भोक बघा. सेंटर बोल्टचं डोकं त्यातच बसतं. भोक लांबट झालं असेल तर त्या गाडीचे यू-बोल्ट कधीतरी ढिले राहिले होते, आणि तुमच्याकडेही एक्सल मागेपुढे सरकणार.

तडा शोधायला मशीन लागत नाही. बीम डिझेलने धुऊन वायर ब्रशने घासा. बैठकीच्या कोपऱ्यांना आणि डोळ्यांच्या मुळाशी रॉकेल लावा, पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि वर पातळ चुना फासा. चुना वाळला की तड्यात मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. रेघ दिसली की सौदा संपला. वेल्डिंगचा विचारही नको.

सामान: किंगपिन किट एक (२ पिना, ४ बुश, उभं वजन झेलणारी २ थ्रस्ट बेअरिंग, शिम म्हणजे फट भरायच्या पातळ चकत्या, पिन जागेवर धरणाऱ्या २ कॉटर), यू-बोल्ट ४ आणि नट ८, सेंटर बोल्ट २, हबचे ऑइल सील २, स्प्लिट पिना, लिथियम ग्रीस २ किलो. यू-बोल्ट नवेच घ्या. जुने ताणलेले असतात, कितीही आवळा, धरत नाहीत.

काढणं

आदल्या संध्याकाळी यू-बोल्ट आणि टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) आटे डिझेलने भिजवा. आपल्याकडची काळी माती नटावर वाळली की सिमेंटसारखी होते, आणि कोरड्यावर जोर केला की बोल्ट पिळून तुटतो. मे महिना असेल तर काम सकाळी लवकर काढा, दुपारी पाना हातात धरवत नाही.

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. काही जुन्या गाड्यांत डाव्या चाकाचे आटे उलटे असतात, बोल्टच्या टोकावर ‘एल’ कोरलेला दिसेल. चेसिस उचलून पुढच्या पाट्यांच्या मागच्या हँगरच्या मागे, दोन्ही बाजूंना स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणी खाली जायचं नाही.

ड्रम आणि हब काढल्यावर ब्रेकची बॅक प्लेट पाइपासकट स्टब एक्सलवरून (किंगपिनवर वळणारा, हब बसतो तो तुकडा) सोडवा आणि तारेने चेसिसला टांगा. लोंबू देऊ नका, वजन होजवर येता कामा नये. पाइप उघडलाच नाही तर ब्रेकची हवा काढायचं कामही वाचतं.

टाय रॉडचे बॉल जॉइंट सोडवताना नट टोकाला लावूनच ठेवा आणि आर्मच्या डोळ्यावर दोन बाजूंनी एकदम हातोडे मारा. बोल्टच्या आट्यांवर मारलंत तर जॉइंट बाद. ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) काढण्याआधी ड्रॉप आर्म (स्टेअरिंग बॉक्सच्या शाफ्टवरचा हात) आणि शाफ्टवर छिन्नीने खूण करा. मग ट्रॉली जॅक बीमखाली लावून यू-बोल्ट सोडा आणि एक्सल हळूहळू खाली घ्या. दोघांनी हाताने उचलायची ही वस्तू नव्हे.

किंगपिन आणि बुश

वेळ इथे घालवा, बाकी सगळं नटबोल्टचं काम आहे. स्टब एक्सलमधले जुने बुश काढून नवे प्रेसने किंवा पायरीच्या ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) बसवा. नुसत्या हातोड्याने ठोकले की कडा फुलतात. बुशचं भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आलंच पाहिजे. पिन घालण्याआधी ग्रीस गनने एक-दोन दाब द्या आणि ग्रीस बुशच्या आत उमटतं का ते बघा. भोक अर्धं झाकलं गेलं तरी नवी किंगपिन कोरडी चालून काही महिन्यांत खडखडायला लागते, आणि मग सगळे किटला शिव्या देतात.

वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने (भोक घासून मापाला आणणारं हत्यार), एका ओळीत रीम करून घ्या. वेगवेगळे रीम केले तर पिन तिरकी बसते आणि स्टेअरिंग जड होतं. तेल लावलेली पिन तळहाताच्या जोराने जावी, हातोडा लागू नये आणि नुसती सोडल्यावर आपोआप घसरूही नये. लेथवाल्याकडे स्टबसोबत पिनही द्या.

थ्रस्ट बेअरिंग बीमच्या डोळ्याखाली येतं, टोपीची बाजू वर, म्हणजे माती आत जात नाही. वरच्या फटीत शिम घालून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ०.१ ते ०.२५ मिमी प्ले ठेवा. पिनेची खाच कॉटरच्या भोकासमोर आणा, कॉटर ज्या बाजूने निघाली त्याच बाजूने ठोका, नट आवळा, पुन्हा ठोका, पुन्हा आवळा.

बसवणं आणि माप

बीमची पुढची बाजू कुठली ते आधी ठरवा, कारण बऱ्याच बीमचं मधलं भोक अगदी मध्यावर नसतं. पाटा आणि बीम यांच्यात लोखंडी पाचर निघाली असेल तर ती तशीच परत जायला हवी. पाटा बीमच्या वर असलेल्या गाडीत पाचरीची जाड बाजू मागे असली की कॅस्टर, म्हणजे किंगपिनच्या वरच्या टोकाचा मागे झुकाव, वाढतो. उलटी बसली तर वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही आणि गाडी हायवेवर पोहते.

सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसल्याचं बोटाने चाचपून खात्री करा, मगच यू-बोल्ट लावा. चारही टोकं सारखी बाहेर ठेवा, आळीपाळीने तिरकस क्रमाने तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा गाडी चाकांवर उतरवल्यावर, पुस्तकातल्या टॉर्कला. हबचं नट चाक फिरवत आवळा, चाक जड झालं की साधारण पाव फेरा मागे घ्या, स्प्लिट पिन घाला.

आता ओळंबा पुन्हा काढा. दोन्ही बाजूंच्या पुढच्या-मागच्या सेंटर बोल्टवरून तो फरशीवर सोडून चार खडूच्या खुणा करा. डावी आणि उजवी लांबी ३ मिमीच्या आत सारखी हवी, कर्णही तसेच. इथे फरक असेल तर अलाइनमेंटला पैसे घालू नका, आधी पाटा आणि त्याची बैठक बघा.

टो-इनसाठी (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) टायरच्या मध्यावर खडूची खूण करून हबच्या उंचीवर पुढून अंतर मोजा. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा नायलॉन टायरला २ ते ४ मिमी, रेडियलला ० ते २ मिमी कमी ठेवा. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच पाळा. टाय रॉडच्या टोकांचे आटे एक सरळ, एक उलटा असतात, त्यामुळे क्लॅम्प सैल करून पाइप फिरवला की माप बदलतं. स्टेअरिंग बॉक्सचे लॉक ते लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे, फेरे मोजून बरोबर मध्यावर आणा आणि ड्रॅग लिंकची लांबी त्याला जुळवा. शेवटी दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर पाट्याला घासत नाही ना ते बघा, घासला तर वळण अडवणारा स्टॉप बोल्ट थोडा बाहेरच्या बाजूला फिरवा, काढून टाकू नका.

पहिली खेप रिकामीच, मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगाने. दहा किलोमीटरवर थांबून दोन्ही हबला हात लावा. हात टिकत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय, नाहीतर ब्रेक धरतोय. ५०-६० ला स्टेअरिंग थरथरलं तर पहिला संशय टायर बॅलन्सवर घ्या, किंगपिनवर नंतर.

माल भरून शंभर किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा, पाचशेला आणखी एकदा. किंगपिनला ग्रीस भरताना चाक जॅकवर उचला, कारण वजनाखाली थ्रस्ट बेअरिंगची फट मिटलेली असते आणि ग्रीस तिथवर पोहोचत नाही. काळं ग्रीस संपून नवं बाहेर येईपर्यंत गन चालू ठेवा.